कोळसा बघायला परळीहून जर्मनीला

निघायच्या आदला दिवस, परळी

आईचा मुद्दा एकदम साधा होता. "चौतीस वर्षं कोळशात गेली ह्यांची, आता कुठं घरी निवांत बसलेत, तर परत कोळसाच बघायला चाललेत, आन ते बी इमानानं." ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णांकडे पण नव्हतं, ते आपले गुपचूप बॅगेत धपाट्यांचं पुडकं कोंबत बसले होते. आईचे गुडघे धरलेले असल्यामुळे ती येणार नव्हतीच, पण न येणाऱ्या माणसाला बोलायचा हक्क जास्त असतो.

तर झालं असं, माझी भाची, म्हणजे लातूरच्या ताईची मुलगी, जर्मनीत एसेन नावाच्या गावात राहते. दोन वर्षं झाली ती अण्णांच्या मागे लागली होती, आजोबा या, आजोबा या. अण्णा काय हलायला तयार नव्हते. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, अण्णा आमच्या परळीच्या थर्मलला, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्रात, कोल हँडलिंगमधे होते, १९८१ ला लागले आणि २०१५ ला रिटायर झाले. कोल हँडलिंग म्हणजे रेल्वेने कोळसा येतो, एका रेकला ५८ वॅगन, एकेक वॅगन टिपलरवर घेऊन अख्खी उलटी करायची, कोळसा खाली हॉपरमधे, तिथून बेल्टवर, मग क्रशर, परत बेल्ट, वर बंकर आणि तिथून मिलमधे दळून बॉयलरला. ह्यातला बेल्ट बंद पडू न देणारा माणूस म्हणजे आमचे अण्णा. भाचीनं एकदा फोनवर सांगितलं की आजोबा, इथं एक बंद पडलेली कोळशाची खाण आहे, तिचं आता म्युझियम केलंय, युनेस्कोच्या यादीत आहे, लोक तिकीट काढून कन्व्हेअर बेल्ट बघायला येतात. अण्णांनी फोन ह्या कानाचा त्या कानाला लावला आणि विचारलं, "तिकीट काढून?"

माझ्या मते जायचं तिथंच ठरलं. पासपोर्ट, व्हिसा, इन्शुरन्स हे सगळं नंतरचं, आणि त्यात जे हाल झाले ते सांगत बसलो तर प्रवास राहून जाईल.

दिवस पहिला, परळी ते हैदराबाद

मुंबईपेक्षा आम्हाला हैदराबाद सोपं पडतं. लातूर रोड, उदगीर, भालकी, बिदर, विकाराबाद, ह्या लाईनने आयुष्यात किती वेळा गेलो असेन. स्टेशनवर जायच्या आधी अण्णा वैजनाथाला जाऊन आले, पायऱ्या चढून, वयाच्या मानाने चांगलेच फास्ट. उदगीरला ताई आणि भाऊजी लातूरहून खास डबा घेऊन भेटायला आले होते, दोन मिनिटाच्या हॉल्टसाठी! डब्यात कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि भाचीसाठी एक वेगळं पार्सल जे मी उघडायचं नव्हतं. विमानतळावर त्या चटणीकडे सिक्युरिटीवाल्याने बराच वेळ बघितलं. मी म्हणलं पल्ली चटणी, तेलुगूत शेंगदाण्याला पल्ली म्हणतात. हसला आणि सोडून दिलं. हैदराबादचा हा फायदा आहे.

दिवस दुसरा, फ्रँकफर्ट ते एसेन

विमानात अण्णा झोपले नाहीत. नाईट शिफ्टची सवय, म्हणतात. फ्रँकफर्टहून एसेनला रेल्वेनेच जायचं होतं आणि ती गाडी पन्नास मिनिटं लेट होती. मी लहानपणापासून ऐकत आलो की जर्मनीत घड्याळ लावावं गाडीवर. अण्णांना मात्र बरं वाटलं, एकदम घरच्यासारखं. गाडी निघाल्यावर जी सुटली ती सुटली, पण ऱ्हाईन नदी आली की सगळे खिडकीला, आणि अण्णा नदी सोडून शेजारच्या रुळावरची मालगाडी मोजत होते. सवयच आहे त्यांना, परळीच्या घरात बसून सुद्धा नुसत्या आवाजावरून रेक भरलेला आहे का रिकामा ते सांगतात.

एसेन स्टेशनच्या बाहेर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "हे कोळशाचं गाव?" कारण जिकडं बघावं तिकडं झाडं. मे महिना होता, सगळं हिरवंगार. भाची म्हणली, आजोबा, ह्या गावाला २०१७ साली युरोपची ग्रीन कॅपिटल म्हणून निवडलं होतं. आणि मग तिने १९६१ ची गोष्ट सांगितली, विली ब्रांट नावाच्या नेत्याने निवडणुकीच्या वेळी भाषणात म्हणलं होतं की रुर भागावरचं, म्हणजे एसेनच्या आजूबाजूच्या ह्या कोळशाच्या पट्ट्यावरचं, आकाश परत निळं झालं पाहिजे. तेव्हा लोक हसले होते म्हणे. इथल्या बायका पांढरे कपडे बाहेर वाळत घालत नव्हत्या, काळे होऊन परत यायचे. रात्री आईला व्हिडिओ कॉल लावला तेव्हा अण्णांनी सगळ्यात आधी तिला हेच सांगितलं. आई म्हणली, "मग, बायकांचं सगळीकडं सारखंच की. वारं कुठलंय ते बघून पापड घालावं लागतं."

दिवस तिसरा, झोलफेराइन

खाणीचं नाव झोलफेराइन. उच्चार अण्णांना काही जमला नाही, ते शेवटपर्यंत "झोलफिरान" म्हणत राहिले आणि दुसऱ्या दिवसापासून मी पण. १८३४ साली वेगवेगळ्या जर्मन राज्यांनी एकमेकांचा जकात कर काढून टाकून एक संघ केला होता, त्या संघाचं हे नाव. फ्रांझ हानिएल नावाच्या उद्योगपतीने १८४७ ला खाण सुरू केली आणि तेच नाव ठेवलं. म्हणजे खाणीचं नाव चक्क जकात संघ. आपल्याकडं एखाद्या जिनिंगचं नाव जीएसटी जिनिंग असं ठेवल्यासारखं.

एसेन स्टेशनहून १०७ नंबरची ट्राम थेट खाणीसमोर सोडते. उतरल्या उतरल्या समोर तो लोखंडी मनोरा दिसतो, ५५ मीटर उंच, वर चार मोठी चाकं, दोन्ही बाजूंनी तिरके पाय रोवलेले. शाफ्ट म्हणजे खाणीत सरळ खाली जाणारी विहीर, आणि हा शाफ्ट नंबर १२ चा हेडफ्रेम, म्हणजे खालचा माल वर ओढायचा मनोरा. फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर ह्या दोन आर्किटेक्टांनी १९२८ ते १९३२ ह्या काळात हे सगळं उभं केलं, लोखंडी सांगाडा आणि मधे विटा, सगळं चौकोनी, सरळ रेषेत, डावं-उजवं तोलून. नक्षी कुठंच नाही. जगातली सगळ्यात देखणी कोळसा खाण म्हणतात हिला. अण्णा बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणले, "कलर ताजाय." मी म्हणलं बाकी काय वाटलं? म्हणले, "पेंटिंगचा मेंटेनन्स चालूय म्हणजे. बंद पडलेल्या प्लांटला कोण रंग देतं?"

त्यांचा मुद्दा बरोबर होता. खाण बंद झाली २३ डिसेंबर १९८६ ला. कोळसा संपला म्हणून नाही, बाहेरून येणारा कोळसा स्वस्त पडायला लागला म्हणून. एरवी अशा जागेचं जे होतं तेच झालं असतं, पण राज्य सरकारने ती जागा विकत घेतली आणि पाडायची नाही असं ठरवलं. तेव्हा बऱ्याच जणांना तो येडेपणा वाटला होता. अण्णांनी हिशोब काढला, ८६ डिसेंबरला आमच्याकडं पाच नंबरच्या २१० मेगावॅटच्या संचाचं काम जोरात चालू होतं. इकडं कुलूप लागत होतं आणि तिकडं परळीत भरती. आता ते २१० चे संच पण बंद, २५० चे तीन तेवढे राहिलेत.

आत जायला गाईड घ्यावाच लागतो, भाचीने बुकिंग केलेलं होतं. गाईड म्हणजे एक म्हातारे गृहस्थ, तरुणपणी स्वतः खाणीत काम केलेले, आवाज असला खणखणीत की पंधरा माणसांच्या घोळक्याला माईकची गरज नाही. सुरुवातीलाच "ग्लुक आउफ" म्हणले, हा खाणकामगारांचा रामराम. अण्णांनी तितक्याच जोरात "राम राम" ठोकला, सगळे वळून बघायला लागले. इथं एक सांगायला पाहिजे, अण्णा घरात पण ओरडूनच बोलतात, क्रशरपाशी वर्षं काढल्यामुळे. आम्ही आयुष्यभर ह्यावरून त्यांना बोलत आलोय. आणि इथं समोर दुसरा तसाच माणूस! दोघं एकमेकांशी बोलायला लागले की लांबून वाटावं भांडण लागलंय.

गाईडने सांगितलं की शाफ्ट १२ मधून माणसं खाली जात नव्हती, हा फक्त कोळसा वर काढायचा शाफ्ट. माणसं दुसऱ्या शाफ्टमधून खाली जायची. पुढचं ते भव्य अंगण, हिरवळ, हे सगळं दाखवायचं, बाहेरच्या लोकांसाठी. अण्णा म्हणले, साहेब लोकांचं गेट वेगळंच असतं सगळीकडं. मग आकडा आला: ह्या एका शाफ्टमधून दिवसाला १२,००० टन कोळसा वर यायचा, हजार मीटरपर्यंतच्या खोलीतून. बाकीच्या लोकांनी नुसतं "ओह" केलं. अण्णांनी बोटं मोजली. एका वॅगनला साठ टनाच्या आत-बाहेर, एका रेकला साडेतीन हजार. "म्हणजे रोज साडेतीन रेक, आन ते बी जमिनीच्या पोटातून." मी हे इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, भाचीने जर्मनमधे सांगितलं, आणि गाईड आजोबांनी थांबून विचारलं, हे गृहस्थ काय काम करत होते?

झालं. तिथून पुढे टूर आमची राहिली नाही, त्या दोघांची झाली.

कोळसा वर आला की छोट्या गाड्या, म्हणजे डबेच ते, रुळावरून टिपलरमधे जायचे आणि उलटे व्हायचे. नंतर कोळसा धुवायचा कारखाना. म्हणजे खाणीतून कोळशाबरोबर दगड पण येतो, ते सगळं पाण्याच्या हौदात टाकून खालून हवेचे धक्के द्यायचे, कोळसा हलका म्हणून वर राहतो आणि दगड तळाला. अण्णांना हे फार आवडलं. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण तीस-चाळीस टक्के, म्हणजे शंभर किलो जाळला की तीस-चाळीस किलो राख ठरलेली. "आम्ही दगड पण दळले," असं ते म्हणले आणि भाचीने त्याचं भाषांतर केल्यावर गाईड इतका हसला की त्याला टोपी काढावी लागली.

मग बेल्ट आले. भले मोठे, वर चढत जाणारे, रोलर जागच्या जागी. अण्णांनी रोलरला हात लावला (लावायचा नसतो), फिरवून बघितला आणि विचारलं, "बेल्ट एका बाजूला सरकायचा तेव्हा काय करायचात?" भाचीला सरकणं येत होतं, रोलरला जर्मनमधे काय म्हणतात ते येत नव्हतं. पण गाईडला तोपर्यंत कळलं होतं. त्याने दोन्ही हात पसरून बेल्ट केला, एक बाजू खाली घेतली, आणि पायाने हवेतच एक लाथ मारली. अण्णा ओरडले, "हां! तस्संच!" म्हणजे रोलरची फ्रेम जराशी ठोकून तिरकी करायची, बेल्ट परत मधे येतो. पुस्तकात नसणारी गोष्ट. हजारो किलोमीटर अंतरावर दोन माणसं चाळीस वर्षांपूर्वी एकाच प्रकारे लाथा मारत होती, आणि मागे बारा टुरिस्ट ह्यांचं बोलणं कधी संपतं म्हणून वाट बघत उभे.

अण्णांची तक्रार पण होती. फार स्वच्छ आहे म्हणले. धूळ कुठंय, आवाज कुठंय. गाईड म्हणाला, बरोबर आहे, आवाज म्युझियममधे ठेवता येत नाही, तो माझ्या कानात आहे.

आणि मग ती गोष्ट झाली जी पुढं दहा दिवस आम्हाला पुरली. अण्णांनी सहज विचारलं, डबा टिपलरमधे कुठल्या बाजूला उलटा व्हायचा. गाईडने सेकंदात हात करून दाखवलं, असा. मग त्याने उलट विचारलं, तुमचा? अण्णांनी हात वर केला, डावीकडे नेला, थांबवला, उजवीकडे नेला. आणि तसाच खाली घेतला. मला म्हणले, "आपला टिपलर कुठल्या हाताला उलटा व्हायचा रे?" मला कसं माहीत असणार, मी तर गेटच्या आत दोनदा गेलेलो, ते पण विश्वकर्मा पूजेला.

दुपारी म्युझियम. त्या कोळसा धुवायच्या इमारतीतच २०१० साली रुर म्युझियम उघडलंय, ते वर्ष म्हणजे एसेन आणि आख्खा रुर भाग युरोपची सांस्कृतिक राजधानी होता. वर जायला बाहेरून ५८ मीटर लांब सरकता जिना, बाजूने नारिंगी लाईट, थेट २४ मीटर उंचीवर नेतो. रेम कूलहास ह्या प्रसिद्ध आर्किटेक्टच्या ऑफिसने केलेलं काम. मी फोटो काढतोय तोवर अण्णा म्हणले, "ही तर बेल्ट गॅलरी. कोळशाऐवजी माणसं चाललीत बंकरला." आणि खरंच तसंच आहे, कोळसा जसा वरून सुरू होऊन मजल्यामजल्याने खाली यायचा तसंच म्युझियम पण वरून खाली बघायचं. आत उतरायच्या जिन्याला वितळलेल्या लोखंडासारखा रंग. काही मशिनी तशाच ठेवल्यात आणि त्यांच्या मधेमधे वस्तू मांडल्यात. अण्णांनी वस्तू कमी आणि मशिनी जास्त बघितल्या. मी उलटं. भाचीने आमच्या दोघांना बघितलं.

छतावर ४५ मीटरवरून सगळा प्रदेश दिसतो, चिमण्या, झाडं, लांब स्टेडियम. अण्णा बराच वेळ हात मागे बांधून उभे होते. त्यांना भूक लागली असेल असं मला वाटलं. खाली येऊन धपाटे खाल्ले, युनेस्कोच्या हिरवळीवर बसून.

दिवस चौथा, परत झोलफेराइन

प्लॅनमधे कोलोन होतं. अण्णा म्हणले कोकचा प्लांट राहिला.

खाणीच्या शेजारीच कोक बनवायचा कारखाना आहे, १९५७ ते ६१ मधे बांधलेला आणि १९९३ ला बंद झालेला. कोक म्हणजे कोळसा हवा न लागू देता हजार डिग्रीच्या वर भाजायचा, गॅस आणि डांबर निघून जातं आणि जे राहतं ते लोखंडाच्या भट्ट्यांना. ३०४ भट्ट्या एका ओळीत, चालून चालून पाय दुखले. ह्या भट्ट्यांसमोरच्या लांबलचक पट्ट्यात हिवाळ्यात पाणी गोठवून स्केटिंगचा रिंक करतात, १५० मीटरचा. आणि एका बाजूला दोन मालाचे कंटेनर जोडून त्याचा पोहायचा हौद केलाय, २००१ मधे दोन कलाकारांनी केला, उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं फुकट पोहतात. आम्ही गेलो तेव्हा रिकामा होता. कंटेनरमधे पोहायची आयडिया परळीत चालेल असं मला वाटलं, फक्त पाण्याचं बघावं लागेल.

हा कारखाना चीनला विकायचं घाटत होतं, व्यवहार फिसकटला, मग पाडायचं चाललेलं, आणि शेवटी वाचला. २००१ च्या डिसेंबरमधे खाण आणि हा कारखाना मिळून युनेस्कोच्या यादीत गेले. अण्णांनी भंगाराचा भाव काय आला असता ते विचारलं. कुणाला विचारलं तर तिथल्या एका सायकलवाल्याला, मराठीत. त्याने हसून अंगठा दाखवला.

जुन्या शाफ्टकडच्या बाजूला कामगारांची आंघोळीची इमारत होती, तिथं आता आधुनिक नृत्याचं केंद्र आहे. भिंतीवर त्याच जुन्या टाइल्स. ह्यावर अण्णांचा विश्वासच बसला नाही. "न्हाणीघरात नाच?" भाचीने सांगितलं की शिफ्ट सुटली की हे लोक एका रांगेत उभे राहून एकमेकांच्या पाठी चोळायचे, कारण पाठीवरचा कोळसा आपला आपल्याला निघत नाही, आणि कपडे साखळीने वर छताला टांगायचे म्हणजे वाळतात पण आणि कुणी नेत पण नाही. अण्णा म्हणले, आमच्याकडं पाठ तुझी आज्जी चोळायची. बंब पेटवून ठेवायची ती, सेकंड शिफ्ट सुटली की रात्री बारा-साडेबाराला पण पाणी गरम. हे मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो पण त्यांनी हे कुणाला सांगताना पहिल्यांदाच ऐकलं. मला स्वतःला आठवतंय ते त्यांच्या कानामागचं काळं, कितीही धुतलं तरी न निघणारं, मी त्यांच्या खांद्यावर बसलो की नेमकं नाकासमोर यायचं.

संध्याकाळी भाचीने तिच्या कामाचं सांगितलं. ती पाण्याचं शिकली आणि आता पाण्याच्याच नोकरीत आहे, म्हणजे नेमकं काय ते मला तिथं कळालं. शंभर-दीडशे वर्षं खालून कोळसा काढल्यावर वरची जमीन खचली, काही ठिकाणी वीस मीटरपेक्षा जास्त. घरं, रस्ते, नद्या, सगळं खाली बसलं. आता तिथं पाणी साचायला बघतं, ते सतत उपसावं लागतं, आणि खाणीत भरणारं पाणी वरच्या पिण्याच्या पाण्यात मिसळू नये म्हणून ते पण उपसावं लागतं. किती वर्षं? कायम. जर्मनमधे ह्याला शब्दच आहे, अनंतकाळाची कामं. पंप बंद केले तर प्रदेशाचा पाचवा हिस्सा तळ्यात जाईल. एम्शर नावाची त्यांची नदी तर शंभर वर्षं उघडी गटार होती, कारण जमीन खचत असताना खालून पाईप टाकले असते तर फुटले असते. खाणी थांबल्यावर मग पाईप टाकले आणि २०२१ च्या शेवटी नदीत सांडपाणी सोडणं बंद झालं.

अण्णा ऐकून गप्पच झाले. मग म्हणले, "आमचं थर्मल २०१३ ला पाणी नाही म्हणून बंद पडलं होतं. आख्खं. आन ह्यांच्याकडं पाणी काढून काढून दमायलेत." आणि ही पोरगी कोण, तर लातूरची. २०१६ च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा ही दहावी देऊन मोकळी झालेली, घागरी घेऊन लाईनला उभी असायची. ती आता जास्तीचं पाणी कुठं न्यायचं ते बघते. ताईला हे सांगितलं तर ताई म्हणली, थोडं इकडं पाठव म्हणावं.

दिवस पाचवा, बोखुम

दिवसभर पाऊस. बोखुमला जर्मनीचं मोठं खाण म्युझियम आहे, १९३० पासूनचं, त्याच्या खाली वीस मीटरवर खरी वाटावी अशी खाण तयार केलीय, अंधार, लाकडाचे टेकू, मशिनी, आवाजासकट. ज्याची अण्णांची तक्रार होती तो आवाज इथं मिळाला. खाणीत घोडे असायचे, ते पण दाखवलंय. वरचा हिरवा मनोरा डॉर्टमुंडच्या एका बंद खाणीचा उचलून आणून इथं उभा केलाय, आणि तो पण त्याच शुपने डिझाईन केलेला. म्हणजे हे लोक मनोरे पण टाकत नाहीत. खाणकामगारांची देवी सेंट बार्बरा, तिचा दिवस ४ डिसेंबर, मूर्ती ठेवलेली होती. अण्णांनी हात जोडले. आपल्याकडं १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा आणि त्याच दिवशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, त्यामुळं थर्मलला डबल कार्यक्रम असायचा, झेंडावंदन पण आणि पेढे पण, एवढं सगळं त्यांनी भाचीला बार्बरासमोर उभं राहून सांगितलं.

रात्री अकराला अंधारात त्यांचा आवाज, "डावीकडंच व्हायचा बहुतेक." मी झोपेचं सोंग केलं.

दिवस सहावा, काटर्नबर्ग

काही बघायचं नाही असं ठरवून खाणीजवळच्या वस्तीत नुसतं फिरलो. कामगारांच्या जुन्या चाळीवजा घरांच्या रांगा, प्रत्येकाला मागे बाग, कबुतरांची खुराडी. आमच्या थर्मल कॉलनीसारखंच, फक्त तिकडं मागं शेवगा असतो. एका तुर्की दुकानात चहा प्यायलो, मधे बारीक असलेल्या काचेच्या ग्लासात. १९६१ मधे जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले, त्यातले बरेच खाणीत गेले. दुकानात बसलेले म्हातारे त्यातलेच निघाले, झोंगुल्दाकचे, जिथं तुर्कस्तानात पण कोळसाच निघतो. १९७२ ला आलो, दोन वर्षांनी परत जाणार होतो, म्हणले. त्यांनी अण्णांना विचारलं, तुम्ही कधी जाणार परत? अण्णा म्हणले, मंगळवारी.

त्या भागातली शेवटची खाण बॉट्रॉपची, २१ डिसेंबर २०१८ ला बंद झाली, तेव्हा खालून काढलेला शेवटचा कोळशाचा तुकडा देशाच्या राष्ट्रपतींच्या हातात दिला गेला. ह्या म्हाताऱ्यांनी ते टीव्हीवर बघितलं होतं. रडलो नाही म्हणले, खोकला आला. आणि खरंच खोकले.

पुढचे तीन दिवस कोलोन, डुइसबुर्ग वगैरे. कोलोनचं चर्च मोठं आहे आणि काळं पडलेलं आहे. डुइसबुर्गला बंद लोखंडाच्या कारखान्याचं पार्क केलंय, रात्री रंगीत लाईट लावतात, जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरून लोक डायव्हिंग शिकतात. भारी आहे पण अण्णांना लोखंडातलं कळत नाही म्हणून इंटरेस्ट नव्हता. चॉकलेट घेतली, भाचीच्या डोळ्यात पाणी, गाडी ह्या वेळेस टायमावर.

परत परळी

आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच अण्णा टपरीवर. मी पण गेलो, कारण मला माहीत होतं काय होणार. त्यांच्या सोबतचे दोघं तिथं असतात रोज, एक इलेक्ट्रिकलचे, एक टिपलरच्या ऑपरेटरच्या हाताखाली होते काही वर्षं. मोबाईलमधले फोटो दाखवले. मनोरा, बेल्ट, रोलर, गाईडबरोबरचा फोटो. तिकीट किती होतं ते तिघांनी रुपयात करून बघितलं आणि नावं ठेवली. मग अण्णांनी हळूच विषय काढला, आपला टिपलर कुठल्या हाताला उलटा व्हायचा.

"डावीकडं," टिपलरवाले लगेच म्हणले.

"कुणाच्या डावीकडं?" इलेक्ट्रिकलवाले. "केबिनमधून का खालून?"

"केबिनमधून."

"केबिनमधून उजवीकडं. मी सेन्सर बसवायला गेलेलो."

"तू कधी गेलता? तू रातपाळीला झोपायचास."

फोटो असता तर प्रश्नच मिटला असता, पण आत कॅमेरा न्यायला बंदी होती, कुणाकडंच एक फोटो नाही. चहाच्या ग्लासाची वॅगन करून दोघांनी दोन्ही बाजूंनी उलटी करून दाखवली, त्यात एक ग्लास फुटला. अण्णांनी बेल्ट सरकल्यावर लाथ मारायचं पण सांगितलं, जर्मनीवाला पण तसंच करायचा म्हणून, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटी ठरलं की अंबाजोगाईला जे राहतात त्यांना विचारायचं, ते खरे टिपलर ऑपरेटर. फोन लावला. त्यांच्या सुनेने उचलला, म्हणली मामंजी झोपलेत, काय काम होतं?

अण्णा ओरडून म्हणले, "उठल्यावर विचार त्यांना, डावीकडं का उजवीकडं!"

ती घाबरली बहुतेक. फोन ठेवला.